कोनशिलेवरचा पडदा

सत्तांतर ही लोकशाहीतली सर्वांत गंभीर घटना आहे. कुणाचंही डोकं न फुटता राज्य एका हातातून दुसऱ्या हातात जावं, यासाठी माणसाला काही हजार वर्षं वाट पाहावी लागली. आमच्या उपनगरात ही घटना घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले, तेव्हा चौकातल्या सिमेंटच्या बाकांना रंग लावणं चालू होतं. बाक तेच होते. पाठीवरची 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' ही अक्षरंही तशीच ठेवली होती. फक्त त्यांच्या वरचं नाव बदलत होतं. रंग पातळ होता, त्यामुळे जुनं नाव नव्या नावाखालून दिसत राहिलं आणि पुढचे काही दिवस दोन्ही पक्षांच्या लोकांना तिथे बसायला संकोच वाटला. मला पक्ष नसल्यामुळे मी बसले. साडीला रंग लागला. सत्तांतराचा माझ्या आयुष्यावर झालेला तो पहिला परिणाम.

हे सगळं आठवायचं कारण, तेच दिवस पुन्हा आले आहेत. मधली काही वर्षं महापालिकेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक होते, आणि बाकांवर नवं नाव रंगवण्याची कुणाला घाई नव्हती. आता पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा गटारात गुलाल वाहिला, आणि गुलाल वाळायच्या आत बारावीची परीक्षा आली. कडुनिंबाची पानं एवढ्या निमूटपणे गळताहेत की झाडणाऱ्या बाई सोडून कुणाच्या लक्षात येत नाही. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या घुंगरांनी आवाज सुरू केला आहे. दुपारी तीनला ऊन तिरपं होऊन अभ्यासिकेच्या पश्चिमेच्या खिडकीतून आत शिरतं आणि तिसऱ्या टेबलावर येऊन बसतं. त्या उन्हाची माझी ओळख जुनी आहे.

पुण्याच्या पश्चिमेला, कर्वेनगर ओलांडून थोडं पुढे आलं की आमचं उपनगर लागतं. कधीकाळी हे गाव होतं. मग महापालिकेत आलं, आणि गावाच्या ज्या गोष्टी कुठे ठेवायच्या ते कुणाला सुचलं नाही त्यांचं काहीतरी दुसरं झालं. आमची अभ्यासिका त्यांतलीच. दगडी भिंतींची एक लांबट खोली, वर पत्रा, पश्चिमेला एक बारकी खिडकी, सहा टेबलं, आणि दारापाशी वर्तमानपत्रांचा उतरता फळा, ज्यावर आम्ही निवृत्त मंडळी कोपर टेकून देशाची काळजी करतो. मी नोकरीभर एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. त्या टेबलावर वाचायला भरपूर वेळ मिळतो आणि एक गोष्ट कायमची कळते: जे कागदावर नाही, ते घडलेलं नाही.

त्या वर्षीच्या निवडणुकीपर्यंत अभ्यासिकेचं उद्घाटन दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा अण्णांच्या काळात. अण्णा म्हणजे आमचे जुने नगरसेवक. त्यांचे वडील गाव असताना सरपंच होते, त्यामुळे सत्ता ही अण्णांना पाण्याच्या नळासारखी वाटायची. घरात आहे, सोडली की येते. पहिल्यांदा अभ्यासिका सुरू झाली म्हणून उद्घाटन झालं. दुसऱ्यांदा फरशी बसवली म्हणून. दोन कोनशिला दाराच्या दोन बाजूंना लावल्या आणि आत शिरणारा प्रत्येक विद्यार्थी दोन्हीकडून अण्णांना ओलांडूनच आत जाऊ लागला. खिडकीला पडदा मात्र नव्हता. तो मागणारा अर्ज मीच लिहिला होता. उत्तर आलं: प्रस्ताव विचाराधीन. विचार कुठवर आलाय ते पाहायला मी वर्षातून एकदा स्मरणपत्र पाठवायची. उत्तर तेच यायचं, फक्त खालची सही बदललेली असायची.

तिसऱ्या टेबलावर त्यामुळे दुपारी कुणी बसत नसे. वनिता मेश्राम बसायची, कारण ती दुपारीच यायची आणि तेवढीच जागा उरलेली असायची.

वनिता भंडाऱ्याकडची. नवरा कारखान्यात, कायमचा रात्रपाळीला. ती स्वतः एका खासगी दवाखान्यात मावशी. सकाळी सहा ते दोन. खोली एक. दुपारी नवरा झोपलेला, संध्याकाळी दोन मुलं शाळेतून परतलेली. म्हणजे दिवसातले अडीच ते पाच एवढेच तास तिचे, आणि ते काढायला जगात एकच टेबल. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांनी तिला सांगितलं होतं की परिचारिकेचा दोन वर्षांचा कोर्स असतो, त्याला बारावी पास लागते. आणि वयाची अट असते. त्या अटीच्या आत वनिताचं ते शेवटचं वर्ष होतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, ती बारावीला बसली होती. या खेपेला पास झाली तर सिस्टर, नाही तर जन्मभर मावशी.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही का?" मी एकदा विचारलं.

"बसता येते काकू," ती म्हणाली. "पास बी होता येते. पन मंग त्या पासचं काय करू? फ्रेम?"

तिचा आवाज शांत असायचा. उन्हापासून वही वाचवायला ती डब्याचं झाकण उभं करून ठेवायची. स्टीलचं झाकण. त्याची तिरीप छतावर पडायची आणि ती पान उलटेल तशी पत्र्यावर हलायची. समोरच्या टेबलावरची स्पर्धा परीक्षेवाली मुलं तेवढी तिरीप पाहून सांगू शकत, की मावशींचं आज इंग्रजी चाललंय. इंग्रजीला ती फार हळू हलायची.

निवडणुकीच्या आधी आचारसंहिता लागते. म्हणजे पुढाऱ्यांची नावं मतदाराला दिसली तर त्याचं मन चळेल, म्हणून ती झाकतात. महापालिकेचे दोन कर्मचारी खळ आणि ब्रश घेऊन आले आणि त्यांनी बाकांवरच्या, कमानीवरच्या, दोन्ही कोनशिलांवरच्या अण्णांवर वर्तमानपत्रं चिकटवली. वर्तमानपत्रं आमचीच, फळ्यावरून उचललेली. अभ्यासिकेचे राखणदार साळवेमामा पाणी प्यायला गेले होते, परत आले तर त्या दिवशीची बारावीची नमुना प्रश्नपत्रिका डाव्या कोनशिलेवर चिकटलेली.

"अरे, उद्याचा पेपर लावायचात," मामा म्हणाले. "आजचा वाचायचा असतो."

"उद्याचा आलाय कुठं अजून?" एक कर्मचारी म्हणाला. हे उत्तर बिनतोड होतं.

दुपारी वनिता आली आणि वही घेऊन कोनशिलेसमोर उभी राहिली. पाऊण तास उभ्याने तिने ती प्रश्नपत्रिका सोडवली. रस्त्यावरून प्रचाराची रिक्षा गेली, भोंग्यातून अण्णांच्या विकासकामांची यादी गेली, आणि ज्या एका कामासमोर ती उभी होती त्याच्यावर त्या क्षणी 'योग्य पर्याय निवडा' असं लिहिलेलं होतं. अण्णा पडले, त्यात या गोष्टीचा हात नव्हता. पण मला ते दृश्य अजून दिसतं.

अण्णांच्या जागी आले तेजसभाऊ. पस्तिशीच्या आतले, शिकलेले, बोलायला मऊ. आमच्या प्रभागात चार नगरसेवक असतात, म्हणजे एका खड्ड्याला चार जण जबाबदार नसतात. पण आमची गल्ली तेजसभाऊंच्या वाट्याला आली. निकालाच्या दिवशी मिरवणूक अभ्यासिकेसमोर थांबली. ढोल, फटाके, गुलाल. आत मुलं कानात बोळे घालून बसली होती. गुलाल खिडकीतून आला, कारण पडदा नव्हता, आणि वनिताच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात पसरला. 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा धडा गुलाबी झाला. तिने ते पुस्तक नंतर मला दाखवलं. धड्याचा एक शब्दही वाचता येत नव्हता असं नाही. वाचता येत होता. फक्त हाताला लागत होता.

तेव्हा पहिला पेपर पाच दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंचे कार्यकर्ते आले. पुढचा मुलगा नम्र होता, त्याचा गॉगलसुद्धा नम्रपणे डोक्यावर होता. "मामा, चावी द्या. हॉल आठ दिवस बंद. नूतनीकरण करायचंय. मग उद्घाटन. मुंबईहून साहेब येणार आहेत."

"कोणत्या दिवशी?" मामांनी विचारलं.

"तारीख मिळतीये. एक-दोन दिवसांत कन्फर्म."

"म्हणजे आठ दिवस कुठून मोजायचे?"

"आजपासून मोजा की."

"आणि साहेबांनी नाही सांगितलं तर?"

"मामा, तुम्ही निगेटिव्ह बोलू नका."

साळवेमामा कंत्राटी नोकर. त्यांना काढून टाकायला कुणाला कारण शोधावं लागलं नसतं. ते फळ्यापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होते. मला पुढे व्हायची काही हौस नव्हती. पण तिसऱ्या टेबलावर झाकणाची तिरीप थांबली होती. वनिता ऐकत होती.

"बंद ठेवायला हरकत नाही," मी म्हटलं. "लेखी द्या."

पुण्यात या दोन शब्दांना जे वजन आहे ते बाहेरच्या माणसाला समजणार नाही. इथे माणूस सोसायटीच्या जिन्यातल्या कुंडीबद्दलही लेखी मागतो. तो मुलगा पुण्याचाच होता, त्यामुळे त्याचा चेहरा लगेच पडला.

"काकू, भाऊ निवडून आलेत. लेखी काय त्यात?"

"भाऊंचं अभिनंदन. पण बंद महापालिका ठेवणार ना? मग महापालिकेचं पत्र आणा. कारण, कालावधी, पर्यायी व्यवस्था आणि सही. दारावर लावू आम्ही. व्यवस्थित चौकटीत लावू."

ते पत्र मिळणार नाही हे मला ठाऊक होतं, असं म्हणून मी शहाणपणा मिरवू शकले असते. खरं तर मला फक्त दोन दिवस मिळवायचे होते. पण गंमत अशी झाली, की ते पत्र खरंच कुणी देऊ शकत नव्हतं. जुन्या सभागृहाची मुदत संपायला अजून दोन-तीन आठवडे होते. अण्णा पडले होते पण नगरसेवक होते. तेजसभाऊ निवडून आले होते पण नगरसेवक झाले नव्हते. महापालिकेच्या कार्यालयातले अधिकारी, ज्यांना दोघांबरोबरही पुढे दिवस काढायचे होते, ते या मधल्या काळात रजेचा अर्जसुद्धा जपून वाचत होते.

आम्हीही आपलं एक पत्र द्यायचं ठरवलं. परीक्षा संपेपर्यंत अभ्यासिका बंद करू नये, अशा आशयाचं. मी लिहायला घेतलं, तर वनिता म्हणाली, "काकू, मी लिवू का? पत्रलेखन येते पेपरात. सराव होईल."

तिने लिहिलं. प्रति, विषय, महोदय, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं: 'आमच्यापैकी काहींना घरी टेबल नाही, काहींना घरी शांतता नाही, व काहींना पुढचे वर्ष नाही.' मी लाल पेन घेऊन बसले होते. तिथे ते खाली ठेवलं.

कार्यालयात मी आणि ती दोघी गेलो. अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"हे बघा बाई, जुने आहेत अजून, नवे यायचेत. या काळात आम्ही लेखी काही देत नाही."

"बंद ठेवा असंही नाही?"

"नाही."

"उघडी ठेवा असंही?"

"नाही."

"मग तोंडी?"

"तोंडी तर आम्ही काही म्हटलेलंच नाही."

"ठीक आहे," मी म्हटलं. "तेवढा आवकचा शिक्का द्या."

शिक्का बसला. ज्याला त्या आवाजाची किंमत माहीत आहे त्याने तो ऐकावा. बाहेर आल्यावर वनिता पत्राची प्रत उलटसुलट बघत होती. "काकू, याचा अर्थ का झाला?"

"याचा अर्थ, अभ्यासिका बंद करायचा हुकूम नाही."

"अन् चालू ठेवाचा?"

"तोही नाही. पण ती चालू आहेच."

ती एवढ्या मोठ्याने हसली की दारावरचा शिपाई दचकला.

अण्णा त्या दिवसांत रोज सकाळी अभ्यासिकेत येऊ लागले. पराभवानंतर माणसाकडे वेळ असतो. दहा वर्षांत पहिल्यांदाच ते फळ्यापाशी उभे राहून वर्तमानपत्र वाचताना दिसले. कोनशिलांवरचे कागद मामांनी ओल्या फडक्याने काढले होते, पण खळ राहिली होती, त्यामुळे अण्णांचं नाव जरा धुरकट दिसायचं. ते त्याकडे बघायचे नाहीत.

"हितं काय हुतं म्हाईत हाय का?" एकदा ते मला म्हणाले. "कोंडवाडा. कुणाचं ढोर दुसऱ्याच्या रानात शिरलं की वडील हितं कोंडायचे. मालकानं हात जोडले की सोडायचे. ती बारकी खिडकी हाय न्हवं, ती वैरण टाकायला."

पश्चिमेच्या खिडकीचं रहस्य मला इतक्या वर्षांनी कळलं. माणसांचा विचार करून ती ठेवलीच नव्हती.

"अण्णा, तुमची मुदत आहे अजून," मी म्हटलं. "मनात आणलंत तर हॉल उघडा राहावा असं तुम्ही सांगू शकता."

अण्णांनी पान उलटलं. "सांगू शकतो. पर ऐकंल कोण? आन समजा, मी बंद ठेवा म्हनलं, तरी बी कोन ऐकनार हाय?" मग पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ढोरं बी हितनं हात जोडल्याबिगर सुटत नव्हती. ही पोरं आपल्या पायानं येत्यात. ऱ्हाऊ दे की."

मी त्यांना एकदाही मत दिलं नव्हतं. त्या वाक्याला दिलं असतं.

पत्र मिळत नाही म्हटल्यावर भाऊंच्या लोकांनी पुण्यातली दुसरी रीत वापरली. पत्र मागितलं कुलूप लावायला. रंग लावायला कोण पत्र मागतं? पहिल्या पेपरच्या दोन दिवस आधी दुपारी टेम्पो आला. रंगाचे डबे उतरले. तिसरी कोनशिलाही उतरली, काळी, चकचकीत, आणि ती दाराच्या वर, जिथे अण्णांना जागा सुचली नव्हती तिथे, बसवली गेली. तिच्यावर लाल मखमलीचा पडदा, सोनेरी झालर, ओढायला दोरी. तासाभरात भिंतीला ऑइलपेंटचा पहिला हात लागला आणि आत बसणं अशक्य झालं. डोळ्यांतून पाणी.

मुलं बाहेर येऊन उभी राहिली. काही जण दप्तर उचलून निघाले. वनिता आतच होती. मग ती उठली, आणि निघाली नाही. तिने तिसऱ्या टेबलाचं एक टोक धरलं.

"धर ना रे," ती शेजारच्या मुलाला म्हणाली. "बघून का राह्यला?"

टेबल बाहेर आलं. कडुनिंबाखाली, रस्त्याच्या कडेला ठेवलं गेलं. मग दुसरं आलं. मग साळवेमामा, ज्यांची नोकरी कंत्राटी होती, तेही एका टेबलाखाली हात घालताना मी पाहिले. सहाही टेबलं बाहेर. फळासुद्धा आला. पंधरावीस माणसं रहदारीकडे पाठ करून वाचायला बसली. स्कूटरवाले वेग कमी करून बघायचे. एकाने विचारलं, "उपोषण आहे का?" मामा म्हणाले, "नाही, इंग्रजी आहे."

वरून पिवळी पानं पुस्तकांत पडत होती. गंमत म्हणजे तिथे ऊन नव्हतं. झाकणाची गरज नव्हती. वनिताने डबा उघडून त्यातली पोळी खाल्ली आणि झाकण लावून टाकलं.

पाचच्या सुमाराला तेजसभाऊ स्वतः आले. पांढरा सदरा, मागे चौघे जण. कुणीतरी मोबाइल वर धरला. भाऊंनी हात जोडले. "काय हे काकू? तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं. रंग, फॅन, नवीन नाव. दोन-चार दिवस कळ काढा. साहेबांची तारीख आलीच."

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. माझी वाक्यं लांब असतात. तोवर वनिता उभी राहिली होती. तिने पुस्तकात बोट ठेवलं होतं, पान हरवू नये म्हणून.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचा पेपर झाला. तुमचा निकाल बी लागला. आमचा पेपर परवा हाये. आमचा निकाल लागू द्या, मंग तुमी काय लावाचं ते लावा. रंग लावा, शिला लावा, टाळं लावा. तोवर नाही."



भाऊंचा नम्र कार्यकर्ता पुढे सरला. "ताई, कुणाशी बोलताय?"

"नगरसेवकाशी," वनिता म्हणाली. "अजून व्हाचे हायेत म्हनतात ऑफिसात. पन मी मान देऊन बोलून राहिली."

कुणीतरी हसलं. मला वाटतं भाऊच हसले. त्यांच्यात तेवढं होतं. त्यांनी मोबाइलवाल्याला हाताने खाली घ्यायला सांगितलं, रंगाऱ्याला हाक मारली, "राहू दे रे, परीक्षेनंतर," आणि एका टेबलावरचं पडलेलं पान उचलून बाजूला ठेवलं. निघताना म्हणाले, "पण कोनशिला राहू दे. पडदा काढू नका. साहेब आले की बघू."

"हात लावणार नाही," मी म्हटलं. मी हे लेखी दिलं नव्हतं, तरी पाळलं.

परीक्षा होईपर्यंत आम्ही बाहेरच बसलो, कारण आतला वास गेला नाही. वनिता इंग्रजीच्या पेपरला निघाली तेव्हा मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली, तिने ती खाल्ली आणि म्हणाली, "याने होते का काकू?" मी म्हटलं, नाही. मराठीच्या पेपरात पत्रलेखन आलंच नाही. वृत्तान्त आला: वृक्षारोपण समारंभाचा. तिने लिहून टाकलं की प्रमुख पाहुणे आले नाहीत, म्हणून झाडं माळ्याने लावली. मी घाबरले. "असं लिहायचं नसतं गं." ती म्हणाली, "वृत्तान्त हाय ना? मंग जे होते तेच लिवन."

ती पास झाली. गुण सांगण्यासारखे नव्हते, म्हणून ती सांगत नाही. कोर्सला प्रवेश मिळाला. आज ती सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात सिस्टर आहे आणि नव्या मावश्यांना 'तू फॉर्म भरला का' असं विचारून हैराण करते.

साहेब आले नाहीत. त्या मार्चमध्ये नाही, पुढच्यातही नाही. नंतर साहेब आणि भाऊ वेगवेगळ्या पक्षांत गेले, आणि उद्घाटन आता कुणी कुणाच्या हस्ते करायचं हा प्रश्न अवघड झाला. मग प्रशासक आले. त्यांना दोरी ओढायचं काही कारण नव्हतं. पडदा राहिला. लाल होता तो विटकरी झाला. झालर चिमण्यांनी थोडी नेली. अर्धवट रंगवलेल्या भिंतीखाली वर्षामागून वर्षं मुलं बसली, काही पास झाली, काही झाली नाहीत, एक तहसीलदार झाला आणि भेटायला आला नाही. पडद्यामागे काय लिहिलंय हे कुणीच पाहिलं नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यासारखं झालं होतं ते. पाहायला कुणी मना केलेलं नसताना कुणी पाहत नाही.

हे सगळं मी मोठ्या लढ्यासारखं सांगतेय का? सहा टेबलं चाळीस फूट हलली होती, एवढंच. पण नोकरीतली तीसेक वर्षं मी कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकवले, आणि टेबलच उचलून बाहेर ठेवता येतं हे मला निवृत्तीनंतर, एका दवाखान्यातल्या मावशीकडून कळलं. अजूनही कुठे कुणी व्यासपीठ उभारताना दिसलं की माझी नजर आधी आसपासच्या टेबलांवर जाते.

गेल्या आठवड्यात नव्या ताईंची माणसं आली. ताई म्हणजे या निवडणुकीत आमच्या गल्लीच्या वाट्याला आलेल्या. चौथी कोनशिला आणली होती, पांढरी. पुढचा मुलगा नम्र होता. मला वाटतं ही माणसं एकाच ठिकाणाहून मिळत असावीत.

"काकू, हॉल आठ दिवस बंद ठेवावा लागेल. नूतनीकरण."

फळ्यापाशी मी होते. साळवेमामा खुर्चीत होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण हे त्यांना ऐकू आलं. आणि तिसऱ्या टेबलावर वनिताची मुलगी होती, प्राजक्ता. बारावी, विज्ञान. कॉलेजात जाणारी, घरी आता टेबल असलेली. तरी इथेच बसते. म्हणते, आईच्या जागेवर झोप येत नाही. समोर डब्याचं झाकण उभं.

तिने मानही वर केली नाही. "दादा, लेखी द्या," म्हणाली, आणि पान उलटलं. छतावर तिरीप हलली.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्राकडे बघितलं. सगळ्या टेबलांवरून हळूहळू माना वर झाल्या, आणि एका मुलाने उगाचच आपल्या टेबलाची कड हाताने धरून पाहिली, वजन किती आहे ते बघावं तशी. तेव्हा तो जेमतेम तिसरी-चौथीत असेल, पण गोष्ट त्याला कुणीतरी सांगितली असणार. नम्र मुलगाही इथलाच होता. त्यालाही सांगितली असणार.

"बरं, हॉल राहू दे," तो म्हणाला. "कोनशिला तेवढी बदलून जातो."

स्टूल आलं. पडद्याची दोरी कुजली होती, ओढल्याबरोबर हातात आली. मग मुलाने पडदाच उचकटून खाली दिला. आम्ही सगळे दारात जमलो, कितीही नाही म्हटलं तरी. काळ्या दगडावर भाऊंचं नाव, साहेबांचं नाव, त्याखाली 'यांच्या शुभहस्ते', त्याखाली 'दिनांक', आणि त्याच्यापुढे गुळगुळीत, बोटभर रुंद, कोरी जागा. तारीख कन्फर्म झाली की कोरायची होती. साळवेमामांनी चष्मा लावून ती कोरी जागा नीट वाचली.

काळी शिला निघाली, पांढरी बसली. तिच्यावर त्यांनी नवा पडदा लावला, निळा. जुना टेबलावरच सोडून गेले.

संध्याकाळी वनिता ड्यूटीवरून परस्पर आली, मुलीला घ्यायला. तिने तो पडदा उचलला, झटकला, चिमण्यांची काडी काढून टाकली. घरी नेला, धुतला, दुसऱ्या दिवशी घेऊन आली. साळवेमामांनी दोन खिळे ठोकले. मी कार्यालयाला पत्र टाकलं, की खिडकीच्या पडद्याबाबतचा माझा अर्ज निकाली काढावा. त्यावर आवकचा शिक्का मिळाला आहे.

पडदा आता पश्चिमेच्या खिडकीला आहे. तो चार बोटं आखूड पडतो.